जुन्या कॅम्पर व्हॅनला टायर कोणता टाकायचा? आधी गाडी काट्यावर घाला

पवनेच्या काठाला गाडी लावून खुर्च्या बाहेर काढल्या की अर्ध्या तासात कोणीतरी येतंच. आधी आत डोकावतात, मग किती खर्च आला विचारतात, आणि माणूस गाड्यांमधला जरा जाणकार असेल तर खाली वाकून विचारतो, टायर कोणत्या साईझचे टाकलेत? मी सांगत नाही. भाव खाते म्हणून नाही, पण माझा साईझ सांगितला की तो मोबाईलमध्ये लिहून घेतो आणि दुकानात जाऊन तसाच मागतो, आणि त्याची गाडी वेगळी, रिम वेगळी, आत भरलेला संसार वेगळा. त्यामुळे इथेही माझ्या गाडीचा साईझ सांगणार नाहीये. जुनी डिझेल व्हॅन आहे, आधीच्या जन्मात शाळेची पोरं न्यायची, आता आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी असं सगळं बसवलंय, एवढं पुरे.

माझी स्वतःची सुरुवात चुकीच्याच टायरने झाली. गाडी घेतली तेव्हा टायर पार गुळगुळीत होते, दुकानात गेले, दुकानदाराने बाजूचा नंबर वाचला आणि त्याच नंबरचे नवेकोरे चार काढून दिले, "ताई, हे टाका, लोण्यासारखी चालेल गाडी." आणि चालली की लोण्यासारखी! आठेक महिन्यांनी वाईहून परत येताना खेड शिवापूरला चहाला थांबलो, भाऊ पाय मोकळे करायला मागे गेला आणि तिथूनच ओरडला, अगं इकडे ये. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. स्टेपनी लावली, हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मामांनी तो टायर हातात फिरवून बघितला आणि मला विचारलं, "गाडीचं वजन किती गं तुझ्या?" मला सांगता येईना. "मग टायर काय बघून घेतलास?"

साईझ बघून घेतला होता, आणि साईझ बरोबरच होता. घोळ इथेच आहे. टायरच्या बाजूवर जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते फक्त माप, म्हणजे चपलेचा नंबर म्हणा. सात नंबरची स्लिपर पण असते आणि सात नंबरचा सेफ्टी शूज पण असतो, पाय दोन्हीत बसतो, पण डोक्यावर सिमेंटची गोणी असेल तर फरक कळतो.

उदाहरणाला २१५/७५ आर १५ घेऊ. हे माझं माप आहे असं समजू नका, आपल्याकडे रस्त्यावर भरपूर दिसतं म्हणून घेतलं, बोलेरोला हेच असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरची बाजू उंच, म्हणजे रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंत १६१ मिमी. आर म्हणजे रेडियल, म्हणजे आतले धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असलेला टायर. १५ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचात, एकाच ओळीत मिमी, टक्के आणि इंच कोणी आणि का घातले देव जाणे. आता याच्या पुढे बारीक अक्षरात अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं आणि खरा सगळा खेळ त्याच्यात आहे. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. तो थेट किलो नाहीये, कोड आहे: ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०. एका टायरचे हं, चारही मिळून नाही. कधी १०६/१०३ असे दोन आकडे असतात, त्यातला पहिला एका बाजूला एकच टायर असेल तर, दुसरा मागे जोडटायर असतील तर. शेवटचं अक्षर स्पीडचं, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. जुन्या व्हॅनवाल्याने त्याची काळजी सोडून द्यावी, आपली गाडी नव्वदला थरथरायला लागते.

तर २१५/७५ आर १५ याच मापात एक टायर १०० लोड इंडेक्सचा येतो, कारसारख्या गाडीसाठी, आणि दुसरा १०६ चा, ज्याच्या नावात एलटी असतं, म्हणजे लाईट ट्रक. बाहेरून जुळी भावंडं. एक ८०० उचलतो, एक ९५०. एलटीवर ६ पीआर, ८ पीआर असंही लिहिलेलं असतं, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी कापडाचे खरोखर तेवढे थर असायचे, आता तेवढे नसतात, फक्त मजबुतीचा दर्जा सांगायला जुनी मोजणी चालू ठेवलीये. माझ्या फुगा आलेल्या टायरवर होता १०० आणि एलटीचा पत्ता नव्हता. शाळेची बारकी पोरं न्यायला तो कदाचित पुरला असता.

हे दुकानदाराने सांगायला नको का? सांगायला हवं, पण त्याला तरी काय माहीत मी आत काय भरलंय. आणि गंमत म्हणजे कंपन्या स्वतः हे पाळतात, मारुतीची ईको व्हॅन बघा, पाच सीटर पॅसेंजरला १५५/६५ आर १३ येतो आणि कार्गोला १५५ आर १३ एलटी. आपण पॅसेंजर गाडी घेऊन तिची कार्गो करतो आणि टायर मात्र पॅसेंजरचेच ठेवतो.

म्हणून पहिलं काम, काटा. मार्केट यार्डाच्या बाजूला किंवा हायवेला कुठेही भुईकाटा असतो, वाळूचे, लोखंडाचे ट्रक जिथे मोजतात तिथे, आपली गाडी बघून ते हसतात पण काटा करून देतात आणि मिसळ खाण्याच्या पैशात काम होतं. गाडी पूर्ण भरून न्यायची. म्हणजे टाकी काठोकाठ, डिझेल फुल, सिलेंडर, भांडीकुंडी, अंथरुणं, आणि ट्रिपला जेवढी माणसं असतात तेवढी सगळी आत बसलेली. रिकामी गाडी मोजून येणं म्हणजे उपाशीपोटी वजन करून खूश होण्यासारखं आहे. तीनदा मोजायचं: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचं अधिक मागचं यांची बेरीज पूर्ण वजनाच्या आसपास आली पाहिजे, हे काटे पाच-दहा किलोच्या पायरीनेच दाखवतात त्यामुळे थोडं इकडेतिकडे चालतं. काटेवाला भला असेल तर एकदा फक्त डाव्या बाजूची चाकं काट्यावर घेऊन पण बघा.

माझे आकडे सांगते, वजनाचे सांगायला हरकत नाही. आरसीवर गाडीचं रिकामं वजन १९५० किलो, जास्तीत जास्त परवानगी २९००. भरून काट्यावर घातली तर २७६०. मी खूश, म्हटलं बसलं की मर्यादेत. मामा म्हणाले थांब, मागचं किती? मागचं १६८०, पुढचं १०८०. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर सरासरी ८४०, आणि टायर ८०० चे. वर टाकी, ओटा आणि बॅटरी सगळं डावीकडे, तर डाव्या बाजूचं मोजलं आणि हिशोब मांडला तेव्हा मागच्या डाव्यावर नऊशेच्या आसपास निघाले. एकूण वजन नियमात, आणि एक टायर शंभर किलो जादा वाहतोय. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, तो बहुतेक कुठल्यातरी खड्ड्यात बसला असणार, पण आधीच जास्त दबलेला टायर खड्ड्यात रिमच्या काठावर चेपला जातो आणि धागे लवकर तुटतात, त्यामुळे खड्ड्याला एकट्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पुण्यात राहून खड्डा येणारच नाही असं धरून टायर घेणं हा वेगळाच आशावाद झाला.

हे वजन येतं कुठून याचा अंदाज कुणालाच नसतो. १८ मिमी प्लायवूडची एक आठ बाय चारची शीट तीस-पस्तीस किलोची असते आणि सुताराला मोकळीक दिली तर तो घरातल्या वॉर्डरोबसारखं भक्कम फर्निचर करून देतो. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पाणी भरून पंचावन्न-साठ किलो. पाणी तर सरळच, लिटरला किलो. आणि जागा पण महत्त्वाची, मागच्या चाकांच्याही मागे, दरवाज्याजवळ टाकी ठेवली की सी-सॉसारखं होतं, ती पुढची बाजू उचलते आणि मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भार टाकते. आम्ही ८० लिटरची टाकी मागून काढून मागच्या चाकांच्या पुढे आणली, बॅटरी पुढे आणि उजवीकडे नेली, परत काटा केला, एकूण तेच २७६०, पण मागे १६०० आणि पुढे ११६०, मागच्या डाव्यावर ८२० च्या आसपास. टायर घेतले १०६ चे, ९५० वाले. ८२० ला ९५० म्हणजे बऱ्यापैकी जागा हातात राहते, मी दहा-पंधरा टक्के तरी जादा ठेवा म्हणेन कारण वळणावर एका बाजूवर भार जातो आणि परत येताना मेणवलीच्या कोणीतरी तांदळाचं पोतं दिलेलं असतं.

आता हवा. लोड इंडेक्सचं वजन टायर उचलतो ते पूर्ण हवा असेल तेव्हाच, वजन खरं तर रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. कारचा साधा टायर ३५-३६ पीएसआयला आपलं पूर्ण वजन घेतो, एलटीला त्यासाठी ५० ते ६५ लागतात. आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, तीस की पस्तीस? महागाचे एलटी टायर टाकून त्यात ३२ भरले तर तुम्ही पैसे देऊन परत तिथेच आलात, वर हवा कमी म्हणून बाजू सारखी वाकणार, वाकून तापणार, आणि मे महिन्यात एक्स्प्रेस वेवर तापलेला टायर काय करतो ते कडेला पडलेल्या रबराच्या सालींवरून दिसतंच. उलट दरवाज्यावरच्या स्टिकरवर जे लिहिलंय ते कंपनीच्या मूळ टायरसाठी आहे, टायरचा प्रकार बदलला की तो आकडा तसाच धरायचा नाही. टायर कंपनीकडे वजन आणि हवा यांचा तक्ता असतो, तो मागून घ्या. माझं त्या तक्त्याप्रमाणे मागे ५५, पुढे ४० येतं, पुढेमागे सारखी हवा हा हट्ट सोडावा लागतो. हवा गाडी थंड असताना बघायची, घाट चढून आल्यावर चार-पाच जास्त दाखवते ती काढायची नाही. आणि ट्यूबलेसचा साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पर्यंतचाच असतो, त्या जवळपास जाणार असाल तर नटाने आवळायचा लोखंडी-पितळी व्हॉल्व्ह बसवून घ्या, शे-दोनशेचं काम आहे.

नायट्रोजनचं विचारू नका, साध्या हवेत पण बहुतांश तोच असतो.

वजन कळलं, आता गोलाई. नवा टायर मूळ टायरएवढाच उंच पाहिजे, किंवा अगदी जवळपास. हिशोब शाळेतला आहे: रुंदी गुणिले टक्के, दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. २१५/७५ आर १५ चा येतो ७०३ मिमी. आता समजा तुम्हाला गाडी जरा दणकट दिसायला हवीये आणि दुकानदार म्हणाला २३५/७५ आर १५ टाका, एक नंबर दिसेल. तो येतो ७३३ मिमी, सव्वाचार टक्के जास्त. वाटताना काहीच नाही, तीन सेंटीमीटर. पण मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८३ ने जात असता, किलोमीटर कमी पडतात त्यामुळे ॲव्हरेज पण खोटं. हे एक वेळ सोडून देऊ. मोठं चाक म्हणजे सगळे गिअर आपोआप थोडे वरचे झाले. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीला जी गाडी तिसऱ्यात रडतखडत चढत होती ती आता दुसऱ्यात जाणार, आणि आपलं जुनं डिझेल इंजिन, त्यात एसी. उतरताना ब्रेकला पण मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो, ब्रेक तेवढेच आहेत ना. आणि त्याबदल्यात जमिनीपासूनची उंची वाढते किती, तर दीड सेंटीमीटर, कारण तीनातला अर्धाच भाग खाली येतो. माझं मत, मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहा, त्यात पण शक्यतो खालच्या बाजूला. उदाहरणाला २२५/७० आर १५ घ्या, ६९६ मिमी, एक टक्का कमी, गाडीला कळणारही नाही.

जुन्या गाड्यांचा वेगळाच घोळ म्हणजे जुनी मापं. ७.००-१५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. इथे सात म्हणजे इंच, आणि लोक गुगलवर बघतात, सात इंच म्हणजे १७८ मिमी, म्हणजे १८५ चा टायर बसेल, आणि १८५/७० आर १५ घेऊन येतात. या जुन्या मापांत टायरची बाजू जवळपास रुंदीएवढी उंच असते, टक्के लिहिलेलेच नसतात. तो १८५/७० वाला ६४० मिमी भरतो आणि जुना त्यापेक्षा दहाएक सेंटीमीटर उंच, गाडी बसल्यासारखी दिसते आणि वजनाचं तर विचारूच नका. तसंच १५५ आर १३, १९५ आर १४ असं टक्क्यांशिवाय लिहिलं असेल तर ८० ते ८२ टक्के धरायचे. शंका असेल तर सरळ टेप घेऊन कमी झिजलेली स्टेपनी मोजा, कागदापेक्षा ते बरं.

ओम्नीचे कॅम्पर करणारे पण पुण्यात आहेत. ओम्नी २०१९ ला बंद झाली, बारा इंची टायरमध्ये निवड कमी, म्हणून ईकोचं तेरा इंची चाक बसवायचा विचार येतो. बोल्टचं माप दोन्हींचं सारखं, १४५/८० आर १२ चा व्यास ५३७ आणि १५५/६५ आर १३ चा ५३२, वा, जुळलं! पण तुमच्या ओम्नीला एलटी टायर असेल आणि तुम्ही ईको पॅसेंजरचा टायर टाकलात तर माप जुळून वजन उचलायची ताकद कमी झाली, म्हणजे माझीच गोष्ट परत. गोलाई जुळली की काम झालं असं नसतं म्हणून काटा आधी म्हटलं.

दुसरीकडे टेम्पो ट्रॅव्हलरवाले. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स, पण आपण अजून टेम्पोच म्हणतो. ती मूळ मर्सिडीझच्या टी१ व्हॅनवर बेतलेली, त्यामुळे काही हौशी लोक जर्मनीतल्या जुन्या टी१ कॅम्परचे फोटो बघून त्यांचे टायर आणि रिमचे आकडे शोधतात. नका करू. इथल्या गाडीचे ॲक्सल, रिम, वजन हे इथल्या हिशोबाने आहे, आणि एकाच ट्रॅव्हलरच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्येही ते बदलतं. तुमच्या गाडीवरची प्लेट आणि मॅन्युअल बघा.

रुंदी. रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप असं सरसकट समजतात. पावसात, साचलेल्या पाण्यात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हलक्या पुढच्या बाजूला तर जास्तच. स्टीअरिंग जड होतं, जुन्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नसेल तर पार्किंग म्हणजे व्यायाम. आणि रिमची पण मर्यादा असते. २१५ च्या टायरला साधारण साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते, २३५ ला सहापासून पुढे. जुन्या व्हॅनची लोखंडी रिम साडेपाचची असेल तर त्यावर २३५ चढवता येतो, दुकानदार चढवून पण देतो, पण टायर फुग्यासारखा मधोमध फुगून बसतो, मधलाच भाग झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. आम्ही ही डुलणारी गाडी एकदा एका मित्राची चालवली ताम्हिणीत, परत चालवणार नाही. रिमची रुंदी रिमवरच ठोकलेली असते, साडेपाच जे वगैरे, गंज घासला की दिसते.

जुन्या रिमचं अजून एक, ट्यूबवाल्या टायरची रिम आणि ट्यूबलेसची रिम एक नसते. ट्यूबलेसच्या रिमला आतून काठाशी एक उंचवटा असतो जो टायरचा काठ घसरू देत नाही, ट्यूबवाल्या जुन्या रिमला तो बहुधा नसतो. त्यावर ट्यूबलेस बसवला आणि हवा धरली म्हणजे जमलं असं नाही, वळणावर हवा कमी असताना काठ सुटू शकतो. त्याहून जुन्या गाड्यांना काढता येणारी लॉक रिंग असते, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी लोखंडी कडी, ती उघडायला अनुभवी माणूसच पाहिजे, ती उडाली तर डोकं फुटतं, स्वतः यूट्यूब बघून करू नका.

रिम बदलायचीच असेल, म्हणजे अलॉय वगैरे, तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली पीसीडी, बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, पाच असतील तर शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर घेऊन १.७ ने गुणा. ११२ आणि ११४.३ हे दोन आकडे जवळचे आहेत आणि नट ओढून बसवता येतात, इथेच लोक फसतात, दोन-तीन नट नीट बसतात, बाकीचे तिरके ताणलेले राहतात आणि पुढे कधीतरी तुटतात. दुसरी मधलं भोक, ते हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, घट्ट बसलं पाहिजे, मोठं असेल तर रिंग लागते. तिसरी ऑफसेट, ईटी असं लिहून पुढे आकडा. हा आकडा जेवढा कमी तेवढं चाक बाहेर येतं. ईटी ४० ऐवजी २० घेतलं की प्रत्येक चाक वीस मिमी बाहेर, दिसायला रुबाबदार, पण भार आता बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला लटकतो, बेअरिंग लवकर ओरडायला लागतं, स्टीअरिंग खड्ड्यात हातातून ओढतं आणि चिखल दरवाज्यावर. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये चकती, टाकणं म्हणजे तेच वेगळ्या नावाने. चौथी, आणि ही कोणी बघतच नाही, अलॉयवर मॅक्स लोड लिहिलेला असतो. कारच्या अलॉयवर सहा-सातशे किलो असतात. तुमच्या मागच्या चाकावर ८२० आहेत. टायर ९५० चा घेऊन रिम ६९० ची टाकली तर काय उपयोग?

मी लोखंडी रिमच ठेवल्या. वाकली तर ठोकून सरळ होते हे खरं, पण बोल्टच्या भोकांभोवती बारीक चीर दिसली तर तिला वेल्डिंग मारून वापरू नये, फेकून द्यावी.

नक्षीबद्दल थोडक्यात. मोठमोठ्या गोट्यांचे मड टायर कॅम्परला नकोतच, नव्वद टक्के गाडी डांबरावरच चालते, रात्रभर कानात घोंगावतं आणि ओल्या डांबरावर धरत नाहीत. साधा हायवेचा टायर किंवा पावसाळ्यात मुळशी-पानशेतकडे मातीत उतरत असाल तर सौम्य ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारा. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, अजिबात नको. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि रेडियल आणि नायलॉन (जुन्या पद्धतीचे, तिरप्या धाग्यांचे) मिसळायचे नाहीत.

वय मात्र नक्की बघा, कारण कॅम्परचा टायर झिजून मरत नाही, उभा राहून म्हातारा होतो. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवीन घेताना पण बघा, दुकानात पडून असलेला "नवा" टायर दोन वर्षांचा असू शकतो. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात उभ्या गाडीला पाच-सहा वर्षांत बारीक भेगा पडायला लागतात, तिथून दर वर्षी दाखवून घ्यायचे, आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षं म्हणजे बास. नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिमी, पण मी पावसाळ्याआधी तीनच्या खाली आले की बदलते.

कायद्याचं निघालंच आहे तर, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेलं आणि आरसीत नोंदलेलं मनाने बदलता येत नाही आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच उचलून धरलं. त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा प्लेटवर जी दोन-तीन मापं मान्य आहेत त्यातलं एक घेतलं तर डोक्याला ताप नाही. त्याच्या बाहेर जायचं असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या, कारण क्लेमच्या वेळी फोनवर बोललेलं कोणालाच आठवत नाही.

शेवटचं स्टेपनीचं. पाचवा टायर पण त्याच मापाचा आणि त्याच लोड इंडेक्सचा घ्यायचा, जुन्यातला बरा दिसणारा ठेवून पैसे वाचवायचे नाहीत. घेण्याआधी गाडीखाली आडवं होऊन स्टेपनीची जाळी मोजा. वर सांगितलेल्या डुलणाऱ्या गाडीच्या मित्राने चार मोठे टायर बसवल्यावर कळलं की पाचवा जाळीत जातच नाही, मग तो सहा महिने पलंगावर झोपला आणि हे दोघं नवरा-बायको खाली चटईवर. आणि चाकं काढून लावली की पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट परत आवळा, आम्ही नवीन टायर टाकून निघालो तेव्हा शिरवळला बघितलं तर मागच्या उजव्याचे दोन नट पाव फेरा फिरले.